उठती कॉफी

रेशाद तांबटाकडं लग्नाबद्दलचा एकच विनोद होता आणि गेली पंचवीस वर्षं तो तोच सांगत होता. सारायेवोच्या तांबट आळीत त्याचं दुकान, आळीच्या तोंडापासून चौथं. गिऱ्हाईक भांडं हातात घेऊन घुटमळायला लागलं की रेशाद हातोडी खाली ठेवायचा आणि मागे बसून भांडी पुसणाऱ्या बायकोकडं, शेमसाकडं, बोट करायचा. "आमचं लग्न टिकलं ते वेढ्यामुळं. एकदा भांडून दारापर्यंत गेली होती. पण जाणार कुठं? चारी डोंगरांवर तोफा." गिऱ्हाईक हसायचं, बहुतेक वेळा भांडंही घ्यायचं. शेमसा मान वर न करता पुसत राहायची.

विनोद हातखंडा होता, पण माणूस विनोदी नव्हता. रेशाद जात्याच जळका. शेमसाला एका दंतवैद्याचा हात हलका वाटला, तर रेशादनं दाढ ठणकत असतानाही त्या दंतवैद्याकडं कधी पाऊल टाकलं नाही. रेडिओवरच्या एका निवेदकाचा आवाज तिला आवडायचा, तर घरातला रेडिओ सहा महिने दुरुस्तीला पडून राहिला. तिनं कारण विचारलं नाही. तिला ते ठाऊक होतं आणि बिघाड रेडिओत नाही हेही ठाऊक होतं.

अशा माणसाच्या नशिबी वेढ्याच्या वर्षांत, शत्रूनं शहर जवळजवळ चार वर्षं कोंडून धरलं होतं तेव्हा, काय आलं, तर बायको परदेशी पत्रकारांची दुभाषी. शेमसा शाळेत इंग्रजी शिकवायची. शाळा बंद पडली आणि पत्रकारांचं हॉटेल भरलं, तशी ती त्यांच्याबरोबर हिंडू लागली. रेशाद तेव्हा शहरावरच्या झूच डोंगरात खंदकात. पाच दिवस खंदकात, पाच दिवस घरी, अशी सगळ्यांची पाळी होती. चिलखती गाडीतून कोणा कॉलिन नावाच्या इंग्रजाशेजारी बसून ती इस्पितळं आणि शवागारं फिरते, हे त्याला सहन होत नव्हतं. पण ती येताना डबाबंद मासे आणायची, बॅटरीचे सेल आणायची, आणि भुकेल्या पोटी मत्सर फार वेळ उभा राहत नाही. त्यानं फक्त एक अट घातली. "त्यांच्यातला कोणी आपल्या घरी यायचा नाही."

"कोण कशाला येईल इथं, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद असताना?" ती म्हणाली होती.

रेशादनं हे वचन समजून गाठीला बांधलं.

वेढा उठला, मुलगी झाली, मुलगी शिकून लुब्लियानाला नोकरीला गेली. रेशाद जेझवे घडवत राहिला. लांब दांड्याचं, गळ्यात निमुळतं, कॉफी उकळायचं ते तांब्याचं भांडं. आळीत पुष्कळजण करतात, पण रेशादचं मठारकाम असं की ठोक्याशेजारी ठोका मोजून घ्यावा, आणि आतली कल्हई वर्षानुवर्षं जाऊ नये. लग्नाच्या वर्षी त्यानं शेमसासाठी एक जेझवा केला होता. दांड्याखाली दोन पानं कोरली होती. दुसरं कोरताना छिन्नी घसरली आणि ते पान वाकडं झालं. तो नवा करून देतो म्हणाला, पण तिनं तोच ठेवून घेतला. अजूनही घरात रोजची कॉफी त्याच्यातच होते.

आणि कॉफीचं म्हणाल तर तिच्याइतकी शिस्तीची बाई आळीत नव्हती. आलेल्या माणसाला कॉफी तीनदा. पहिली येती कॉफी, दार उघडलं की. दुसरी बसती कॉफी, ती गप्पांची, तिला वेळेचं बंधन नाही. आणि तिसरी उठती कॉफी. ती लहान पेल्यात, अर्धीच भरलेली येते, आणि ती आली की शहाण्या माणसानं टोपी शोधायला लागायचं. तोंडानं कोणी कोणाला 'जा' म्हणत नाही. शेजारच्या दुकानातल्या आव्दोला शेमसानं आयुष्यात इतक्या उठत्या कॉफ्या पाजल्या होत्या की तो म्हणायचा, "वहिनी, एकदा तिसरी आधी द्या. पहिलीची चव कशी असते ते निवांत बसून बघतो."

तर अशा दुकानात मार्च महिन्यात एक मुलगी आली. लामिया तिचं नाव, इथलीच, चोवीस वर्षांची, वेढा संपल्यावर जन्मलेली. सिनेमाच्या सामानसुमानाच्या खात्यात होती. सिनेमा लढाईचा. पण लढाई सैनिकांची नाही, पत्रकारांच्या डोळ्यांतून दिसणारी. एका इंग्रज पत्रकाराच्या आठवणींवर बेतलेला.

"मायस्तोर," ती म्हणाली. आळीत कसबी माणसाला असंच म्हणतात. "मला सहा जेझवे हवेत, जुने दिसणारे. अगदी हुबेहूब असे." आणि तिनं पिशवीतून फोटो काढला.

फोटोत स्वयंपाकघर होतं. पत्र्याची शेगडी, खिडकीला काचेऐवजी प्लास्टिक, शेगडीवर जेझवा. दांड्याखाली दोन पानं, एक सरळ आणि एक वाकडं. मागे भिंतीवर टोप्या अडकवायची खुंटी होती, आणि त्या खुंटीवर रेशादची टोपी होती.

"हा कुठून आला?"

"लेखकाच्या संग्रहातला आहे. कॉलिनसाहेबांनी स्वतः काढलेला. मागे तारीखपण आहे बघा, सतरा नोव्हेंबर, त्र्याण्णव. ते म्हणतात, त्या घरातली कॉफी त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी आठवण आहे. सिनेमाचा शेवटच त्यावर आहे."

सतरा नोव्हेंबर. वेढ्यातल्या माणसाला तारखा विचाराव्या लागत नाहीत. पंधरा ते एकोणीस तो खंदकात होता. सोळाला त्याच्या शेजारचा माणूस गेला होता, म्हणून ते दिवस त्याला तोंडपाठ होते. म्हणजे तो वर चिखलात होता आणि खाली त्याच्या टोपीखाली दुसराच कोणी कॉफी पीत होता. रेशादनं फोटो उलटा करून ठेवला आणि म्हणाला, "सहा ना? पंधरा दिवसांनी या."

घरी जाऊन विचारावं की नाही? कोणीही विचारलं असतं. रेशादनं विचारलं नाही. जळक्या माणसाला उत्तरापेक्षा संशय प्यारा असतो, उत्तरानं तो संपतो ना. त्यानं जेझवे घडवायला घेतले. इतक्या जोरानं ठोके घालायचा की आव्दो दारात येऊन म्हणाला, "तांब्यानं काय घोडं मारलंय तुझं? की सिनेमावाल्यांना तोफेचे आवाजपण तूच पुरवणार आहेस?"

सहाही जेझवे हुबेहूब झाले, एक गोष्ट सोडून. दोन्ही पानं त्यानं सरळ कोरली. लामियाच्या लक्षात आलं. "दुसरं पान वाकडं हवं होतं, मायस्तोर."

"वाकडं मला येत नाही."

"फोटोत आहे की."

"ते चुकून झालेलं. चूक मागणीवर होत नसते," रेशाद म्हणाला आणि कागदात गुंडाळून भांडी तिच्या हातात दिली. ते वाकडं पान तो कोणाला द्यायला तयार नव्हता. निदान तेवढं तरी त्याचं एकट्याचं राहू दे, असं त्याला वाटलं.

नंतरचे महिने त्यानं आडून आडून काढले. जेवताना मधेच म्हणायचा, "त्या तुझ्या कॉलिनला कॉफी आवडायची का गं?"

"कोणाला आवडत नाही?"

"साखरेचा खडा बुडवून खायचा की कॉफीतच टाकायचा?"

"सव्वीस वर्षांपूर्वीचं तुला आज काय सुचलं?" शेमसा त्याच्याकडं बघायची. "सिनेमा निघतोय म्हणून? अख्खं गाव त्याबद्दल बोलतंय, मला ठाऊक आहे. तू सहा जेझवे दिलेस तेही ठाऊक आहे. तू सांगितलं नाहीस, आव्दोनं सांगितलं."

"तू तरी मला काय सगळं सांगतेस?"

यावर तिनं भाजीचं भांडं त्याच्याकडं सरकवलं. रात्री तो तिच्याकडं पाठ करून झोपायचा आणि तिला झोप लागली की वळून बघत बसायचा. एवढी वर्षं एका उशीवर डोकं ठेवून या बाईनं एक अख्खी दुपार आपल्यापासून लपवली, मग अजून किती लपवल्या असतील, असं त्याचं गणित चालायचं. गणितात बेरीजच होती, वजाबाकी नव्हती.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये निमंत्रण आलं. दुपारचा खेळ, सिनेमाला मदत केलेल्या गाववाल्यांसाठी. पाकिटावर शेमसाचं नाव होतं आणि आत लिहिलं होतं: श्रीमती शेमसा आणि सोबत एक.

"सोबत एक," रेशादनं मोठ्यानं वाचलं. "तीस वर्षं संसार केला आणि मी सोबत एक."

"नको येऊस मग."

"येणार." त्यानं लग्नातला कोट काढला. तो पोटावर बसेना, तरी घातला.

सभागृह खच्चून भरलं होतं. सगळी आळी आली होती, गर्दीत उभं राहायचं काम केलेले लोक आले होते, आणि वेढा भोगलेली म्हातारी माणसं आली होती. आव्दो नेमका रेशादच्या मागच्या खुर्चीत. अंधार झाला. पडद्यावर पत्रकार, हॉटेलातल्या मेणबत्त्या, चिलखती गाड्या, कॅमेरे. इंग्रज नट पडक्या भिंतीआडून बघतो आणि त्याच्या डोळ्यांत सगळं शहर मरताना दिसतं. काम चांगलं होतं, लोक नाकं ओढत होते. पण सारायेवोच्या माणसाला गप्प बसून सिनेमा बघवत नाही. ट्राम उलट्या दिशेनं गेली तेव्हा चारजण एकदम म्हणाले, "अरे, कुठं निघाली?" पाण्याच्या रांगेतल्या बायकांचे केस धुतलेले बघून म्हाताऱ्या पुटपुटल्या.

दुभाष्या बाईचं काम करणारी नटी उंच, सडपातळ, मोठ्या डोळ्यांची. तिचा नवरा सैनिक. तो पहिल्या दहा मिनिटांतच गोळी लागून मेला.

मागून आव्दो पुढं वाकला. "तुझ्या आत्म्याला शांती मिळो, रेशाद."

दोन रांगा हसल्या. रेशादचे कान तापले. म्हणजे या कॉलिनला आपण घरात नको होतो, खंदकात नको होतो, जगातच नको होतो. त्यानं शेमसाकडं बघितलं. ती सरळ पडद्याकडं बघत होती, हात मांडीवर. पडद्यावरची विधवा आणि पत्रकार एकमेकांकडं टक लावून बघायचे. एकदा तळघरात त्यानं तिच्या केसातली धूळ झटकली. रेशादनं खुर्चीचा हात इतका आवळला की लाकूड करकरलं. उठून जावं असं त्याला वाटलं, पण शेवट कॉफीवर आहे हे लामियानं सांगितलं होतं, आणि तो शेवट बघितल्याशिवाय त्याला आता मरणही आलं नसतं.

शेवट आला. पत्रकाराला शहर सोडायचं आहे. तो तिच्या घरी निरोप घ्यायला येतो. पत्र्याची शेगडी, खिडकीला प्लास्टिक, सगळं फोटोबरहुकूम. खुंटीवर टोपी मात्र नव्हती. जेझव्यावर पानं दोन्ही सरळ होती, ते बघून रेशादला क्षणभर बरं वाटलं. बाई एकदा कॉफी देते. मग दुसऱ्यांदा देते, दोघं बोलत बसतात, बाहेर अंधारून येतं. मग तिच्या डोळ्यांत पाणी येतं, ती उठते, पाठ करून शेगडीपाशी काहीतरी खुडबुडते, सारंगीसारखं काहीतरी वाजायला लागतं, आणि ती तिसऱ्यांदा येते. हातात लहान पेला. कॉफी अर्धीच. दोन्ही हातांनी ती त्याच्यापुढं धरते. तो तिच्या डोळ्यांत बघत, थेंब थेंब, जणू सगळं आयुष्य त्यात आहे असा पितो. मग त्याचा आवाज येतो, म्हातारपणीचा: त्या कॉफीची चव वेगळीच होती, ती मी अजून विसरलो नाही.

आणि सभागृह हसलं.

आधी कुठंतरी कोपऱ्यात एकजण खुदकला. मग मधल्या रांगा. मग सगळेच. म्हाताऱ्या डोळे पुसत हसत होत्या. "अरे बाबा, ऊठ की आता," कोणीतरी पडद्यावरच्या नटाला म्हणालं. "चाखत काय बसलाय? टोपी घे." आव्दो तर खुर्चीतून घसरायचा राहिला होता. परक्या माणसाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रसंग, आणि त्यात बाई त्याला आपल्या रीतीनं, सभ्यपणे, घराबाहेर काढत होती. पंचवीस वर्षांहून अधिक काळ त्यानं ते जपून ठेवलं होतं आणि त्यावर सिनेमा काढला होता.

रेशादला कळायला सगळ्यांपेक्षा वेळ लागला. कळलं तेव्हा तो हसला नाही. त्याच्या छातीवरून दीड वर्ष दाबून बसलेलं काहीतरी उठलं, आणि त्याला चक्क रडू आलं. त्यानं शेमसाचा हात धरला. तिनं धरू दिला.

दिवे लागले. व्यासपीठावर कॉलिन आला. बारकासा, टक्कल पडलेला, काठी टेकत. रेशादला मनातून नवल वाटलं, एवढ्याशा माणसावर आपण दीड वर्ष जळलो. कॉलिन गोंधळला होता. तिथल्या दुभाष्यामार्फत त्यानं विचारलं, शेवटी लोक का हसले, आमचं काही चुकलं का?

शेमसा मान खाली घालून बसली होती. मग तिसऱ्या रांगेतली एक म्हातारी उभी राहिली. "त्यांना सांगा, आम्हाला कॉफी बघून आनंद झाला. तेव्हा मिळत नव्हती ना." आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. कॉलिननं छातीवर हात ठेवून मान लववली. पाहुण्याला दुखवायचं नाही, एवढी रीत अजून शिल्लक होती.

बाहेर तो शेमसाला भेटला. तिचे दोन्ही हात हातात घेऊन इंग्रजीत बोलला. रेशादला एक 'कॉफी' सोडून काही कळलं नाही. पण आज त्याला कशाचीच फिकीर नव्हती. त्यानं कॉलिनच्या खांद्यावर थोपटलं, जिंकलेला पैलवान हरलेल्याला थोपटतो तसं, आणि आपल्या भाषेत म्हणाला, "या कधी घरी. पहिली कॉफी माझ्याकडून."

मिल्याच्का नदीच्या काठाकाठानं दोघं घरी निघाली. रेशाद गुणगुणत होता. वाटेत त्यानं चेवापी, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेल्या खिम्याच्या कांड्या, घेतल्या, बायकोला कांदा जास्त आवडतो म्हणून कांदा जास्त मागून घेतला. एक पूल गेला, दुसरा गेला. तिसऱ्या पुलाशी त्याचं गुणगुणणं थांबलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तिसरी कॉफी दिली हे खरं. पण तिसरी ही तिसरी असते. तिच्या आधी पहिली असते आणि दुसरी असते.

घरी आल्यावर तो कोटासकट टेबलापाशी बसला. शेमसानं जेझवा शेगडीवर ठेवला. वाकडं पान त्याच्याकडं वळलेलं होतं.

"तिसरी दिलीस म्हणजे दोन आधी झाल्या," तो म्हणाला.

"झाल्या." तिनं वळून बघितलं नाही. "मी वाटच बघत होते, कुठल्या पुलावर तुझ्या लक्षात येतं."

"कोणी घरी येणार नाही असं म्हणाली होतीस."

"कोण येईल, असं म्हणाले होते. मग तो आला. चार मजले चढून."

"खरी कॉफी होती?"

"खरी. त्यानंच आणली होती, पाव किलोचं पाकीट."

"आणि मी विसाव्याला खाली आलो तेव्हा मला मसूर भाजून केलेली दिलीस."

"उरलेलं पाकीट खालच्या बाईला दिलं आणि तिच्या नवऱ्याचे बूट घेतले. कोणासाठी घेतले?"

ते बूट रेशादनं दोन हिवाळे वापरले होते. आतून लोकर होती. कुठून आणलेस असं तेव्हा विचारलंही नव्हतं.

"पहिली कशाला दिलीस?"

"चार मजले चढून आलेल्या माणसाला दारातून परत पाठवू? तुझी आई वर्षभर बोलली असती."

"आणि दुसरी?"

शेमसानं शेगडी बंद केली. खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच त्याला बरं वाटलं नाही.

"त्यानं एक कार्ड आणलं होतं. पत्रकाराचं. माझा फोटो, माझं नाव, वर शिक्का. ते दाखवलं की मदत घेऊन येणाऱ्या त्या पांढऱ्या विमानात बसून बाहेर पडता येत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला. एक जागा होती."

"एक?"

"एकच. म्हणाला, तिकडं काम मिळेल, नवऱ्याचं नंतर बघू. चांगल्या मनानं म्हणाला. टेबलावर ठेवलं त्यानं, इथं." तिनं टेबलावर बोट ठेवलं. "आणि मी दुसरी कॉफी केली."

"विचार करायला."

"हो."

बाहेर ट्रामची घंटा वाजली. रेशाद त्या बोटाकडं बघत होता.

"तो आवडायचा तुला?"

"त्याच्याशी बोलायला आवडायचं. मला दिवसातून एकदा तरी मेलेल्यांचे आकडे सोडून काहीतरी बोलायचं असायचं, आणि तू वरून आलास की भिंतीकडं तोंड करून झोपायचास. तुझी चूक नव्हती. पण मला जायचं होतं, रेशाद. खोटं कशाला सांगू? पेला भरलेला होता तोवर मी गेलेलीच होते. तिकडं कुठल्या रस्त्यावर राहीन ते पण मनात आलं."

"मग?"

"मग पेला संपला. जेझवा विसळायला उठले, आणि बघते तर हातानं तिसऱ्यांदा पाणी ठेवलेलं. का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. जळण संपलं होतं. त्याच्याकडं पाठ होती. उठताना टेबलावरून कार्ड उचललं होतं, ते शेगडीत घातलं. प्लास्टिक होतं वरून, वास आला. तो म्हणाला, कॉफीची चव आज वेगळी आहे."

रेशादला सिनेमातला म्हातारा आवाज आठवला. या वेळी त्याला हसू आलं नाही.

"त्यानं सकाळी विमानतळावर वाट बघितली असेल."

"मी स्पष्ट सांगितलं होतं. लहान पेला, अर्धा. याहून स्पष्ट कसं सांगतात?"

"त्याला कुठं कळतंय ते? आणि हे सगळं त्यानं सिनेमात का नाही घातलं? कार्डाचं?"

"नकार कोण घालतो सिनेमात?" शेमसा उठली. "तू तरी दुकानात काय सांगतोस?"

एवढं बोलून तिनं त्याला कॉफी दिली, नेहमीच्या पेल्यात, काठोकाठ.

त्या रात्री रेशादनं पाठ केली नाही आणि झोपही घेतली नाही. कॉलिनवरचा त्याचा जळफळाट संपला होता. बिचारा काठी टेकत आपल्या देशी परत जाईल आणि लहान पेल्याची आठवण काढत मरेल. आता रेशाद जळत होता तो त्या दुसऱ्या पेल्यावर. एक पेला संपेपर्यंतचा वेळ, दहा मिनिटं म्हणा, पंधरा म्हणा. तेवढ्या वेळात ती त्याची नव्हती, आणि तो वेळ त्याला कोणाकडूनच परत मागता येत नव्हता. ज्यावर दात खावेत असा माणूसच त्यात नव्हता. आणि त्याहून वाईट एक गोष्ट त्याला लागून राहिली. चारी डोंगरांवर तोफा, जाणार कुठं. हे त्यानं हजारदा सांगितलं असेल. ती हजारदा मागे बसून भांडी पुसत होती. एकदाही तिनं म्हटलं नाही की मला जागा होती.

आठवड्यानं दुकानात एक जोडपं आलं, नवं लग्न झालेलं, मोस्तारचं. मुलीनं जेझवा उचलला, ठेवला, परत उचलला. आव्दो दारात उभा होता. नेहमीची संधी बघून तो म्हणाला, "अरे पोरांनो, यांच्याकडून घ्या. वेढ्यातसुद्धा टिकलेला संसार आहे. सांग की रे त्यांना, वहिनी का नाही गेल्या ते."

मागे शेमसा भांडी पुसत होती.

रेशादनं हातोडी खाली ठेवली. "जाता आलं असतं तिला," तो म्हणाला. "विमानात जागा होती."

"कुठल्या विमानात?" आव्दोनं विचारलं. "किती जागा?"

"एक," रेशाद म्हणाला, आणि त्यानं हातोडी उचलली.

आव्दो आणि ती दोघं पोरं अजून हसायची वाट बघत उभी होती.